जुन्या अॅम्बेसेडरला इंजिन कोणतं टाकायचं? आधी गिअरचं गणित मांडू

परभणी, सेलू, पाथरी, गंगाखेड या पट्ट्यात आजही काही घरांसमोर ताडपत्रीखाली एखादी अॅम्बेसेडर उभी दिसते. कुठे दादांनी घेतलेली, कुठे अब्बांनी टॅक्सीसाठी चालवलेली. घरातल्या निकाहला, वलीम्याला, उर्सला तिनेच माणसं नेली-आणली. आता इंजिन धूर सोडतं, ऑईल पितं, चढावर दम टाकतं. मग घरात एक दिवस विषय निघतो: विकायची की बनवायची? बनवायची ठरलं, की दुसरा प्रश्न लगेच उभा राहतो: इंजिन जुनंच ठेवायचं की दुसरं टाकायचं?

गॅरेजवर गेलं तर तीन मिस्त्री तीन सल्ले देतात. एक म्हणतो, "हेच इंजिन बोअरिंग करा." दुसरा म्हणतो, "इसुझूचं टाका, गाडी उडेल." तिसरा म्हणतो, "जीपचं डिझेल बसवू, खर्च निम्म्यावर येईल." तिघेही आपापल्या अनुभवाने बोलतात. पण पैसा घरातून जाणार असतो आणि त्या गाडीत आपलीच लेकरं बसणार असतात. म्हणून निर्णय घेण्याआधी थोडं समजून घेतलेलं बरं. आम्ही पेशाने शिक्षक, मिस्त्री नाही. पण हा विषय अर्धा गॅरेजचा आहे आणि अर्धा सातवी-आठवीच्या गुणोत्तराचा. तो दुसरा अर्धा भाग नीट समजला, तर पहिल्या भागात कुणी आपल्याला सहज फसवू शकत नाही.

गाडीचा थोडा इतिहास

अॅम्बेसेडर हिंदुस्थान मोटर्सने पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा इथल्या कारखान्यात बनवली. तिचा मूळ साचा इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीचा. १९५७ च्या सुमारास सुरुवात झाली आणि मे २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. एवढ्या वर्षांत बाहेरचा आकार फारसा बदलला नाही, पण बॉनेटखाली बरंच बदललं.

बहुतेक काळ तिच्यात बीएमसीचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, ताकद ५० हॉर्सपॉवरच्या आसपास. १९८० च्या सुमारास तेवढ्याच सीसीचं डिझेल इंजिन आलं. टॅक्सीवाल्यांना ते परवडलं, पण त्याची ताकद पेट्रोलपेक्षाही कमी होती. पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन आलं, ७५ हॉर्सपॉवरच्या आसपास. त्याच्यासोबत पाच गिअरचा बॉक्स आला आणि गिअरचा दांडा स्टेअरिंगवरून खाली फरशीवर आला. नंतर इसुझूचं दोन लिटरचं डिझेलही आलं.

म्हणजे "इंजिन बदलू का" हा प्रश्न आपल्याच डोक्यातून निघालेला नाही. खुद्द कंपनीला तो पडला होता. त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे कॉन्टेसा.

कॉन्टेसाचा धडा

१९८४ मध्ये हिंदुस्थान मोटर्सने कॉन्टेसा काढली. लांब, रुंद, भारदस्त गाडी, वॉक्सहॉलच्या एका मॉडेलवरून घेतलेली. लांबच्या प्रवासाला आरामात बसून जावं अशी तिची बांधणी. पण आत बसवलं तेच अॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन आणि चार गिअर. शरीर पहिलवानाचं आणि फुप्फुसं पोराची, असा प्रकार झाला. गाडी सुंदर दिसायची, पण चार माणसं आणि सामान घेऊन चढाला लागली की दमायची.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने तिच्यात इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स बसवला. गाडीची इज्जत त्यानंतर वाढली. २००२ पर्यंत ती चालली आणि आजही शौकीन लोक शोधतात ती प्रामुख्याने ही इसुझूवाली कॉन्टेसाच.

कंपनीने नुसतं इंजिन बदललं नाही. गिअरबॉक्सही बदलला. ही गोष्ट लक्षात ठेवा. इंजिन आणि गिअर ही जोडी आहे. एकाला दुसऱ्याशिवाय पाहिलं की पैसा वाया जातो.

गिअर म्हणजे काय, सायकलवरून पाहू

सायकलच्या पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्याला २२ आहेत असं धरा. पायडल एकदा फिरवलं की मागचं चाक दोनदा फिरतं. सपाट रस्त्यावर मजा येते. आता मागे २२ ऐवजी ११ दात्यांचं चक्र लावलं तर एका पायडलला चाक चारदा फिरेल. वेग जास्त, पण चढावर पाय उचलणार नाही. उलट, पुढे-मागे दोन्हीकडे सारखेच दाते ठेवले तर चढ सोपा, पण सपाटीवर पाय भिंगरीसारखे फिरतील आणि सायकल मात्र रांगेल.

मोटारीचं इंजिन म्हणजे आपले पाय. फरक एवढाच की आपले पाय मिनिटाला साठ-सत्तर फेरे मारतात आणि इंजिन दोन-तीन हजार. ते फेरे चाकाला जसेच्या तसे दिले तर गाडी जागेवरून हलणारच नाही. म्हणून ते दोन ठिकाणी कमी करतात. एक गिअरबॉक्समध्ये. दुसरं मागच्या एक्सलच्या डिफ्रन्शलमध्ये, क्राऊन आणि पिनियन या दोन दातेरी चक्रांत.

जुन्या चार गिअरच्या गाडीत चौथा गिअर थेट असतो. इंजिनचा एक फेरा म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा एक फेरा. त्यामुळे टॉप गिअरमध्ये सगळा हिशोब डिफ्रन्शलवर येतो. पिनियनला ९ आणि क्राऊनला ४१ दाते असतील तर ४१ भागिले ९, म्हणजे जवळपास साडेचार. शाफ्टचे साडेचार फेरे झाले की चाकाचा एक फेरा.

आपल्या गाडीचं गणित घरीच करा

गाडी सपाट जागी उभी करा. टायरवर आणि त्याच्या खाली जमिनीवर खडूने खूण करा. गाडी हळू ढकला, चाकाचा एक पूर्ण फेरा होऊ द्या, पुन्हा जमिनीवर खूण करा आणि टेपने मधलं अंतर मोजा. पंधरा इंची रिमच्या अॅम्बेसेडरला ते दोन मीटरच्या आसपास येतं. हिशोब सोपा व्हावा म्हणून आपण बरोबर दोन मीटर धरू.

एक किलोमीटर म्हणजे १००० मीटर, म्हणजे चाकाचे ५०० फेरे. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. तर ताशी ६० ला चाक मिनिटाला ५०० फेरे फिरतं. डिफ्रन्शल साडेचारचं असेल तर टॉप गिअरमध्ये इंजिनचे फेरे ५०० गुणिले ४.५, म्हणजे २२५०.

याच रीतीने ताशी ८० ला ३००० आणि ताशी १०० ला ३७५०.

हे आकडे वहीत लिहून ठेवा. पुढचा सगळा निर्णय यांच्यावर आहे.

डिफ्रन्शलचं प्रमाण माहीत नसेल तर तेही मोजता येतं. मिस्त्रीकडून गाडीची मागची दोन्ही चाकं उचलून घ्या. नुसत्या जॅकवर नाही, खाली भक्कम स्टँड लावूनच, आणि पुढच्या चाकांना ओट लावून. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक सोडा. दोन्ही मागची चाकं एकाच वेळी, एकाच दिशेने एक फेरा फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते खुणेवरून मोजा. साडेचार फेरे आले तर प्रमाण साडेचार.

जुनं इंजिन ताशी १०० ला का थकतं?

बीएमसीच्या १४८९ सीसी इंजिनचा बोअर सुमारे ७३ मिलिमीटर आणि स्ट्रोक जवळपास ८९ मिलिमीटर. म्हणजे पिस्टन रुंदीपेक्षा लांब पल्ला मारतो. एका फेऱ्यात तो एकदा वर आणि एकदा खाली जातो, म्हणजे १७८ मिलिमीटर. ३००० फेऱ्यांना त्याचा सरासरी वेग सेकंदाला जवळपास ९ मीटर होतो. ३७५० ला ११ मीटरच्या वर. जुन्या काळची बांधणी, क्रँक फक्त तीन मेन बेअरिंगवर पेललेला. अशा इंजिनला तासन् तास या वेगाने पळवणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला शर्यतीत उतरवणं.

इसुझूच्या १८१७ सीसी इंजिनचा बोअर ८४ आणि स्ट्रोक ८२ मिलिमीटर. पल्ला आखूड. त्यामुळे तेवढ्याच फेऱ्यांना पिस्टन कमी अंतर कापतो आणि ताकद मात्र जास्त देतो. या इंजिनला थोडे जास्त फेरे सहन होतात आणि मोठा गिअरही ओढता येतो.

इथे हवेचाही हिशोब आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने. ताशी ८० वरून १०० वर गेलो तर वेग सव्वापट झाला, पण फक्त हवेसाठी लागणारी ताकद जवळपास दुप्पट झाली. अॅम्बेसेडरचं नाक सपाट, कपाळ रुंद. म्हणून ८० ला खुशीत असलेली गाडी १०० ला एकदम कुंथू लागते आणि पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत खाली येतो.

फेरे कमी करायचे तीन मार्ग

पहिला मार्ग डिफ्रन्शल बदलण्याचा. साडेचारऐवजी ३.९ चं बसवलं तर ताशी ८० ला फेरे ३००० वरून २६०० वर येतात आणि १०० ला ३२५० होतात. आवाज कमी, इंजिन निवांत. पण डिफ्रन्शल सगळ्या गिअरना लागू होतं. पहिला गिअरही जड होतो. भरलेली गाडी चढावर उचलताना क्लच जास्त दाबून धरावा लागतो आणि क्लच प्लेट लवकर जाते. ताकदवान इंजिनला हे चालतं. ५० हॉर्सपॉवरच्या इंजिनला राणीसावरगावकडच्या बालाघाटाच्या चढावर हे महागात पडतं.

दुसरा मार्ग पाचव्या गिअरचा. पाचवा गिअर ०.८५ चा असेल तर शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिन फक्त ०.८५ फेरा फिरतं. डिफ्रन्शल साडेचारचंच ठेवलं तरी ताशी ८० ला फेरे २५५० होतात आणि १०० ला साधारण ३१९०. फायदा असा की थेट चौथा गिअर आणि खालचं डिफ्रन्शल जागेवरच राहतात. चढ आला, उसाचा ट्रॅक्टर ओलांडायचा झाला, की खालच्या गिअरमध्ये या. मोकळा रस्ता मिळाला की पाचवा टाका. आपल्यासारख्या मिश्र रस्त्यांना हाच मार्ग सगळ्यात समंजस.

तिसरा मार्ग मोठ्या टायरचा. टायरचा घेर पाच टक्के वाढला की फेरे साधारण तेवढेच कमी होतात. स्वस्त वाटतं. पण मग स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ ने पळत असते. टायर मडगार्डला घासू शकतो, स्टेअरिंग जड होतं आणि ब्रेकवर ताण वाढतो. कंपनीने सांगितलेल्या मापाच्या जवळच राहिलेलं बरं.

काही हौशी मंडळी ३.९ चं डिफ्रन्शल आणि पाच गिअरचा बॉक्स असं दोन्ही एकदम करतात. मग ताशी ६० ला पाचव्या गिअरमध्ये इंजिन जेमतेम १६५० फेरे फिरतं. ऐकायला छान. पण कमी ताकदीचं इंजिन तिथे ओढू शकत नाही, ते ठोके देतं. अशा ओढाताणीत बेअरिंगवर जेवढा भार येतो, तेवढा जास्त फेऱ्यांतही येत नाही. पाचवा गिअर फक्त उतारालाच टाकता आला तर तो असून नसल्यासारखा.

आता तीन सल्ल्यांकडे

जुनंच इंजिन बनवायचं. गाडी गावात, लग्नकार्याला, परभणीच्या हजरत तुराबुल हक यांच्या उर्सला किंवा चाळीसेक किलोमीटरच्या ये-जा करायला लागणार असेल तर आमचं मत याच बाजूने आहे. ताशी ६० ते ७० च्या चालीने हे इंजिन वर्षानुवर्षं चालतं. बोअरिंग, नवे पिस्टन-रिंग, क्रँक तपासून बेअरिंग, हेडची घासाई एवढं लेथवाल्याकडे नीट झालं तर गाडी पुन्हा तरुण होते.

दोन कामं मात्र आवर्जून सांगा. एक, व्हॉल्व्ह सीट कडक धातूच्या बसवा. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, त्याने व्हॉल्व्ह सीटचं रक्षण व्हायचं. देशात २००० सालापासून शिसेविरहित पेट्रोल आहे. दोन, पेट्रोलचे रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची किट इथेनॉल सहन करणारी घ्या. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनं रबर खातं आणि पाणी ओढून घेतं. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल साठवू नका. रबर फुटून इंजिनवर पेट्रोल गळणं म्हणजे आगीला बोलावणं.

इसुझू पेट्रोल आणि पाच गिअर. वर्षातून अनेक वेळा खुलदाबाद, हैदराबाद, पुणे असे लांबचे प्रवास होणार असतील तर तांत्रिकदृष्ट्या ही जोडी उत्तम. कंपनीने स्वतःच अॅम्बेसेडरमध्ये ती बसवली होती, त्यामुळे माउंटिंगपासून गिअरच्या दांड्यापर्यंत वस्तू कशा बसतात हे माहीत आहे. पण काम इंजिनपुरतं राहत नाही. प्रोपेलर शाफ्टची लांबी जुळवावी लागते आणि तो बॅलन्स करावा लागतो. फरशीत गिअरच्या दांड्यासाठी जागा करावी लागते. रेडिएटर, सायलेन्सर, स्पीडोमीटरची केबल, सगळं पाहावं लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असतो. जुना, गाळाने भरलेला रेडिएटर ठेवून मोठं इंजिन बसवलं तर पहिल्याच उन्हाळ्यात हेड गॅस्केट जाईल.

जीपचं डिझेल. मराठवाड्यात महिंद्राच्या जीप घरोघरी माहीत आहेत. त्यांतलं प्यूजोच्या परवान्यावर बनलेलं २११२ सीसीचं डिझेल इंजिन दणकट आहे, मिस्त्रींचा हात त्यावर बसलेला आहे. पण ते जीपसाठी आहे. लोखंडाचं वजन जास्त, थरथर जास्त. पुढच्या टॉर्शन बारवर आणि ब्रेकवर भार येतो. शिवाय डिझेलला लांबच्या प्रवासात कमी फेऱ्यांवर ठेवावं लागतं. मघाचं गणित काढा: साडेचारच्या डिफ्रन्शलवर ३००० फेऱ्यांना गाडी ताशी ८० लाच पोचते. म्हणजे एवढा खटाटोप करून वेग तोच, आवाज दुप्पट. डिफ्रन्शल बदललं तर खर्च वाढला. स्वस्त म्हणून सुरू केलेलं काम स्वस्त राहत नाही. त्यात इंधनाचा प्रकार बदलल्यामुळे कागदाचा प्रश्न सगळ्यात कठीण याच मार्गावर येतो.

कागद: इथे चूक करू नका

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरची नोंद वेगळी ठरेल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हीच गोष्ट ठासून सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगीबाहेरच्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी परभणीच्या परिवहन कार्यालयात लेखी अर्ज. आरसीची प्रत, काय काढणार, काय बसवणार, त्याचे सीसी आणि इंधन, हे सगळं त्यात लिहा. लेखी उत्तर आल्यावरच इंजिन उघडा. "आधी बसवू, मग पाहू" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, कारण नंतर पाहायला तो येत नाही. १४८९ सीसीचं तेच इंजिन दुरुस्त करणं वेगळं आणि १८१७ सीसीचं बसवणं वेगळं. परवानगी मिळाली नाही तर जुनं इंजिन बनवणं हाच मार्ग उरतो, आणि तो वाईट नाही हे वर पाहिलंच.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं, आणि पर्यावरण करही भरावा लागतो. तपासणीत चेसिस आणि इंजिनचा नंबर पाहतात. नोंदीत एक नंबर आणि गाडीत दुसरा असला की गाडी तिथेच अडते. विम्याचंही तसंच. देव न करो, पण अपघात झाला आणि आत नोंद नसलेलं इंजिन निघालं, तर विमा कंपनीला हरकत घ्यायला जागा मिळते. समोरच्या जखमी माणसाची भरपाई मग आपल्या घरावर येऊ शकते. इंजिनात वाचवलेले पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

जुनं इंजिन भंगारवाल्याकडून घेताना पक्की पावती घ्या. पावतीवर इंजिन नंबर, विकणाऱ्याचं नाव-पत्ता आणि ज्या गाडीतून इंजिन निघालं तिच्या कागदांची प्रत असावी. ते इंजिन चोरीच्या गाडीतलं निघालं तर चौकशी आधी आपल्या आणि आपल्या मिस्त्रीच्या दारात येते. गॅरेजवर काम करणाऱ्या आपल्या पोरांना ही गोष्ट घराघरातून सांगायला हवी. हातातलं हुनर कितीही मोठं असो, एक बिनपावतीचं इंजिन त्यांना पोलीस ठाण्याच्या बाकावर बसवू शकतं.

आणखी एक. २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अशी गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. पण तो मान मिळवायचा तर इंजिनातही मोठा फेरफार झालेला चालत नाही. दादांची गाडी १९७० च्या आसपासची असेल, तर मूळ इंजिन काढून भंगारात देण्याआधी शंभर वेळा विचार करा.

पळण्याआधी थांबणं

जुन्या अॅम्बेसेडरला चारही चाकांना ड्रम ब्रेक. त्या ब्रेकचा हिशोब ५० हॉर्सपॉवरच्या गाडीचा आहे. वेग ८० वरून १०० झाला की थांबवायची ऊर्जा दीडपटीच्या वर जाते. म्हणून बजेट करताना पहिली ओळ ब्रेकची लिहा: व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, पाइप, लायनर. दुसरी ओळ स्टेअरिंगचा प्ले आणि किंगपिन. तिसरी टायर, आणि टायरची जाळी नुसती पाहू नका, बनवल्याचं वर्षही पाहा. चौथी ओळ सीटबेल्ट. इंजिन पाचव्या ओळीत. पैसे पाचव्या ओळीपर्यंत पुरले नाहीत तर इंजिन थांबू शकतं. ब्रेक थांबू शकत नाहीत.

समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. ती मर्यादा आहे, हुकूम नाही. तिथे नव्या गाड्यांच्या रांगेत आपली पन्नाशीतली गाडी तीन-चार तास एका दमात पळवणं शहाणपणाचं नाही. डाव्या लेनने ७०-८० ने, दर तासाला थांबून, पाणी आणि ऑईल पाहत गेलं तर तीच गाडी सुखाने पोचवते.

मिस्त्रीला विचारायचे पाच प्रश्न

एक: माझ्या गाडीचं डिफ्रन्शल किती प्रमाणाचं आहे?
दोन: ताशी ८० ला टॉप गिअरमध्ये इंजिनचे फेरे किती होतील?
तीन: नवं इंजिन बसवलं तर पुढच्या चाकांवर वजन किती वाढेल आणि ब्रेकचं काय करणार?
चार: इंजिनची पावती आणि कागद कोण देणार?
पाच: परिवहन कार्यालयाचं लेखी उत्तर येईपर्यंत थांबायची तयारी आहे का?

जो मिस्त्री या प्रश्नांवर चिडतो, त्याच्याकडे गाडी सोडू नका. जो खडू घेऊन फरशीवर हिशोब मांडतो, तोच आपला उस्ताद.

असे उस्ताद आपल्या वस्त्यांमध्ये आहेत. बऱ्याच जणांनी शाळा लवकर सोडली, पण कानाने ते सांगतात की टॅपेट कुठला वाजतोय. त्यांच्या हाताखाली जी पोरं तयार होतात, त्यांच्या घरच्यांना आमचं एक सांगणं आहे. पोराला गॅरेजवर पाठवायचंच असेल तर दहावी पूर्ण होऊ द्या आणि आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा ट्रेड करू द्या. वर्गात गुणोत्तर शिकवताना आम्ही जेव्हा क्राऊन-पिनियनचे दाते फळ्यावर काढतो, तेव्हा एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी, सुट्टीत गॅरेजवर जाणारी पोरं सगळ्यात आधी हात वर करतात. ४१ भागिले ९ त्यांना पुस्तकातलं वाटत नाही. त्यांनी ते दाते रॉकेलने धुतलेले असतात. त्या पोरांच्या हाताला हिशोबाची आणि कागदाची जोड मिळाली, तर उद्या ती दुसऱ्याच्या गॅरेजवर पाने पुसत बसणार नाहीत.